यू-टू, चारबाटिया आणि बासष्टचं युद्ध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बासष्टचं युद्ध म्हटलं की आपल्याला नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश, आठवतो, रेझांग ला आठवतं, कृष्ण मेननांवरचा राग आठवतो. त्याच सुमारास भारताच्या संमतीने अमेरिकेच्या हेर विमानांनी हिमालयापलीकडचे फोटो काढले, ते नेहरूंना दाखवले आणि त्या व्यवहारातून ओडिशात चारबाटिया इथे एक गुप्त हवाई तळ उभा राहिला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेने स्वतःच्या वापरासाठी लिहून घेतलेला या यू-टू विमानांचा इतिहास २०१३ मध्ये बऱ्याच अंशी खुला झाला. तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांत चार दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला. उरल्या त्या ऐकीव गोष्टी. त्यांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतात, ते इथे घेतले आहेत.

युद्ध चालू असताना यू-टू विमानांनी आपल्या सैन्याला मदत केली, हे खरं का?

नाही. तारखा शेजारी शेजारी मांडल्या की हे लगेच कळतं. २० ऑक्टोबर १९६२ ला चीनने लडाख आणि नेफा अशा दोन्ही आघाड्यांवर हल्ला चढवला. मधे काही आठवडे थोडी उसंत मिळाली. नोव्हेंबरच्या मध्यावर वालाँग, से ला, बोमडिला एकामागोमाग गेले. १८ नोव्हेंबरला रेझांग लाची लढाई झाली. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली. यू-टूंची तुकडी थायलंडमधल्या तखली तळावर आली ती नोव्हेंबरच्या अखेरीस. पहिलं उड्डाण डिसेंबरमध्ये झालं आणि खराब हवामानामुळे त्यातले फोटो फारसे कामाचे निघाले नाहीत. रणांगणापुरतं बोलायचं तर हे वरातीमागून घोडं होतं.

म्हणून ते निरुपयोगी होतं असं मात्र नाही. चीनने शस्त्रसंधीबरोबर १ डिसेंबरपासून सैन्य मागे घेण्याची घोषणा केली होती. ते खरंच मागे जात आहे का, किती जात आहे, आणि मागे जाऊन पुन्हा जमवाजमव करत आहे का, हे दिल्लीला जमिनीवरून कळायला मार्ग नव्हता. ज्या चौक्यांवरून माणसं डोळ्यांनी पाहून खबर देत, त्या चौक्याच राहिल्या नव्हत्या.

नेहरूंनी परवानगी कधी दिली?

११ नोव्हेंबर १९६२ ला. म्हणजे से ला पडण्याच्या आधी. ही तारीख महत्त्वाची आहे, कारण नेहरूंनी केनेडींना लिहिलेली ती प्रसिद्ध पत्रं, ज्यांत त्यांनी लढाऊ विमानांच्या १२ स्क्वाड्रन आणि रडार मागितले, ती १९ नोव्हेंबरची आहेत. त्यामुळे ‘सगळं कोसळल्यावर घाबरून हेर विमानांना दार उघडलं’ ही कथा कालक्रमात बसत नाही. दार आठवडाभर आधीच किलकिलं झालं होतं.

परवानगी नेमकी कशाची होती, तेही नीट वाचायला हवं. भारतीय हवाई हद्दीत यू-टूंना उडत्या विमानातून इंधन भरू द्यायचं, आणि सरहद्दीच्या वादग्रस्त पट्ट्याचे फोटो काढू द्यायचे. भारतीय भूमीवर विमान उतरवण्याचा विषय तेव्हा नव्हता. तो पुढे निघाला.

ही कल्पना कोणाची होती? भारताने मागणी केली होती का?

भारताने लष्करी मदत मागितली होती. फोटो काढण्याची सूचना अमेरिकेचे राजदूत जॉन केनेथ गॅल्ब्रेथ यांची. आणि सीआयएच्या इतिहासात दिलेलं कारण वाचून आपल्याला जरा टोचतं: चीन किती आत घुसला आहे याबद्दलचे भारताचे दावे पडताळून पाहता येत नव्हते. दोन्ही सरकारांना खरं चित्र कळावं म्हणून आकाशातून बघू या, असा तो प्रस्ताव होता.

थोडक्यात, मदत देणाऱ्याला आधी हिशेब तपासायचा होता. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही असं माझं मत. नोव्हेंबरमध्ये खुद्द दिल्लीतच कुणाला खात्रीने सांगता येत नव्हतं की तेजपूरच्या उत्तरेला कोणती पलटण कुठे आहे.

आपल्या वायुदलाकडे स्वतःची टेहळणी विमानं नव्हती का?

होती, आणि हा भाग आपल्याकडे फार कमी सांगितला जातो. भारतीय वायुदलाची १०६ क्रमांकाची स्क्वाड्रन कॅनबेरा विमानांतून फोटो-टेहळणी करायची. कॅनबेरा मूळचं ब्रिटिश बॉम्बफेकी विमान. त्याच्या टेहळणी आवृत्तीत बॉम्बच्या जागी कॅमेरे असत. हे काम किती जोखमीचं होतं ते १० एप्रिल १९५९ ला दिसलं. ईदच्या दिवशी या स्क्वाड्रनचं एक कॅनबेरा पाकिस्तानी सेबर विमानाने रावळपिंडीजवळ पाडलं. दोन्ही वैमानिक हवाई छत्रीने उतरून बचावले.

याच स्क्वाड्रनमधले जगमोहन उर्फ जॅगी नाथ यांनी १९६२ च्या आधी आणि त्या वर्षात अक्साई चीन व तिबेटवर उड्डाणं करून फोटो आणले. त्याबद्दल त्यांना महावीर चक्र मिळालं. १९६५ च्या युद्धातल्या टेहळणीसाठी दुसऱ्यांदा मिळालं. दोनदा महावीर चक्र मिळवणारे ते पहिले अधिकारी. म्हातारपणी दिलेल्या मुलाखतींत ते एकच गोष्ट पोटतिडकीने सांगत: आपल्याला तिबेटवर अडवायला चिनी विमानं आली नाहीत, तिथे त्यांच्या हवाई दलाची म्हणावी अशी ताकदच नव्हती, आणि तरीही आपण लढाऊ विमानं वापरली नाहीत.

तेव्हा ‘आपल्याकडे डोळे नव्हते म्हणून अमेरिकेचे उसने घेतले’ हे अर्धसत्य आहे. डोळे होते. त्यांनी पाहिलेलं निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोचत नव्हतं, किंवा पोचून पचत नव्हतं. कॅनबेराची मर्यादा वेगळी होती. ती यू-टूएवढ्या उंचीवर जाऊ शकत नव्हती आणि एका फेरीत एवढा मोठा पट्टा टिपू शकत नव्हती.

यू-टूमध्ये असं काय विशेष होतं?

उंची. लॉकहीड कंपनीच्या केली जॉन्सन यांच्या गुप्त कार्यशाळेत तयार झालेलं हे विमान १९५५ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि ७०,००० फुटांच्या आसपास, म्हणजे २१ किलोमीटरवरून जाऊ लागलं. प्रवासी विमानं साधारण याच्या निम्म्या उंचीवर असतात. पंखांचा विस्तार ८० फूट, अंग सडपातळ, वजन होता होईल तेवढं काढून टाकलेलं. उतरण्याची चाकं सायकलसारखी एकामागे एक. पंखांना आधार देणारी जास्तीची चाकं उड्डाण होताच गळून पडत.

वर गेल्यावर हवा इतकी विरळ की विमान जरा मंदावलं तर उंची सोडून कोसळणार आणि जरा वेगात गेलं तर थरथरून मोडणार. या दोन टोकांमधलं अंतर कधी कधी १० नॉटइतकंच उरायचं. वैमानिक अंतराळवीरासारखा दाबयुक्त पोशाख घालून बसायचा. उड्डाणाआधी बराच वेळ शुद्ध प्राणवायू घ्यायचा, कारण रक्तातला नायट्रोजन निघून गेला नाही तर वर गेल्यावर त्याचे बुडबुडे होतात. इंधनसुद्धा खास तयार केलेलं होतं. साधं इंधन त्या उंचीवर उकळून उडून गेलं असतं.

कॅमेऱ्याचं भिंग ३६ इंच नाभीय अंतराचं. त्या उंचीवरून जमिनीवरची साधारण पाऊण मीटरची वस्तू ओळखता येत असे. म्हणजे माणूस ओळखू येत नाही, पण ट्रक, तंबू, तोफेचा खड्डा, नवा रस्ता हे सगळं येतं. आणि तिबेटसारख्या ओसाड पठारावर नवा रस्ता हीच सगळ्यात मोठी बातमी असते. सैन्य लपवता येतं, पण त्याला रसद पुरवणारी वाट लपत नाही.

थायलंडहून ही विमानं हिमालयापर्यंत जायची कशी?

लांबच्या वाटेने. ब्रह्मदेशावरून उडायची मुभा नव्हती. मग तखलीहून बंगालच्या उपसागरावर यायचं, पूर्व भारतावरून उत्तरेला वळायचं, सरहद्द धरून फोटो काढायचे आणि तीच वाट परत. एवढ्या पल्ल्याला एका टाकीचं इंधन पुरेना, म्हणूनच हवेत इंधन भरण्याची परवानगी हवी होती. यू-टूसारख्या नाजूक विमानाने हवेत इंधन घेणं हे सोपं काम नव्हे. त्यासाठी त्याला आपली सुरक्षित उंची सोडून खाली टँकर विमानामागे यावं लागतं.

डिसेंबरमधल्या दुसऱ्या उड्डाणात फोटो चांगले आले, पण इंधनाच्या नळ्यांमध्ये बर्फ धरल्याने इंजिन अडखळू लागलं. हिमालयावर इंजिन अडखळणं म्हणजे काय, याची कल्पना केलेली बरी. पुढे १९६३ मध्ये तखलीहूनच झालेलं एक उड्डाण ११ तास ४५ मिनिटं चाललं. वैमानिक इतका थकून उतरला की त्यानंतर १० तासांची मर्यादा घालण्यात आली.

नेहरूंना ते फोटो प्रत्यक्ष दाखवले का?

हो. जानेवारी १९६३ मध्ये सरहद्दीवर आणखी चार उड्डाणं झाली. त्या फोटोंच्या आधारे नेहरूंना जानेवारीत आणि पुन्हा मार्चमध्ये माहिती देण्यात आली. नंतर नेहरूंनी संसदेत चिनी सैन्याच्या हालचालींबद्दल सांगितलं. माहिती कुठून आली हे सांगितलं नाही. एका अमेरिकी वृत्तसंस्थेने मात्र तेव्हाच अंदाज बांधला की ही यू-टूची कमाई असावी. चीनलाही कळलं होतं, कारण जानेवारीच्या उड्डाणांबद्दल त्याने भारताकडे निषेध नोंदवला.

गंमत अशी की ज्याच्यापासून लपवायचं त्या चीनला ठाऊक, अमेरिकेला ठाऊक, वृत्तसंस्थेला वास लागलेला. अंधारात होते ते भारतीय खासदार आणि त्यांचे मतदार. गुप्त टेहळणीत असं नेहमी होतं. ज्याच्या डोक्यावरून विमान जातं त्याच्या रडारवर ठिपका दिसतोच.

अमेरिकेला या सगळ्यातून काय मिळालं?

हा खरा प्रश्न, आणि सीआयएच्या इतिहासात त्याचं उत्तर आडपडदा न ठेवता दिलं आहे. पहिलं कारण वर आलंच: वादग्रस्त पट्ट्याचं स्पष्ट चित्र. दुसरं कारण पायंडा पाडण्याचं. एकदा भारताने आपल्या हद्दीतून उड्डाणं होऊ दिली की पुढे भारतात कायमची सोय मागता येईल, हा हिशेब होता. ती सोय कशासाठी हवी होती? दोन गोष्टींसाठी, आणि त्यांतली एकही मॅकमहोन रेषेवर, म्हणजे नेफाच्या सरहद्दीवर, नव्हती.

एक म्हणजे सारी शगान. आजच्या कझाकस्तानात बालखाश सरोवराच्या काठी सोव्हिएत संघाचं क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचं चाचणी केंद्र होतं. तिथल्या रडारचे संकेत टिपायला उत्तर भारताइतकी सोयीची जागा थोडी. दुसरी गोष्ट म्हणजे पश्चिम चीन. तैवानच्या ‘काळी मांजर’ पथकाचे वैमानिक सीआयएच्या यू-टू चीनवर उडवत होते. सप्टेंबर १९६२ मध्ये त्यांचं एक विमान पाडलंही गेलं होतं. पण तैवानहून चीनचा पार पश्चिमेकडचा भाग पल्ल्यात येत नव्हता, आणि चीनची अणुबॉम्बची तयारी चालू होती ती लोप नोरला, त्याच दिशेला.

म्हणजे आपल्याला नेफातल्या चिनी तंबूंचे फोटो हवे होते आणि त्यांना चीन-रशियाच्या पोटातले. दोघांची गरज एकाच वाटेवर होती, म्हणून व्यवहार जमला. यात फसवणूक नव्हती. सौदा होता, आणि नेहरूंसारख्या माणसाला तो सौदा आहे हे समजलं नसेल असं मला वाटत नाही. दुसऱ्या देशाने दिलेल्या गुप्त माहितीबद्दल ‘उपकार’ किंवा ‘कट’ असे दोनच शब्द वापरणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

चारबाटिया हे प्रकरण काय आहे?

कटकजवळचा दुसऱ्या महायुद्धातला, नंतर ओस पडलेला विमानतळ. एप्रिल १९६३ मध्ये राजदूत गॅल्ब्रेथ आणि सीआयएचे दिल्लीतले प्रमुख यांनी तळासाठी पहिली अधिकृत विनंती केली. ३ जून १९६३ ला राष्ट्रपती राधाकृष्णन वॉशिंग्टनमध्ये केनेडींना भेटले, तेव्हा हा विषय निघाला आणि भारताने चारबाटिया देऊ केलं. ओडिशाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बिजू पटनाईक स्वतः कसलेले वैमानिक, नेहरूंच्या विश्वासातले, आणि हा तळ उभा राहण्यात त्यांचा हात होता.

धावपट्टीची अवस्था वाईट होती. दुरुस्तीचं काम भारताकडे होतं आणि ते रेंगाळलं. सरकारी बांधकाम गुप्त असलं तरी सरकारीच. पहिलं यू-टू तिथून उडालं ते २४ मे १९६४ ला. तीनच दिवसांनी, २७ मे रोजी, नेहरू गेले आणि काम थांबलं. वैमानिक आणि विमानं परत गेली, थोडी माणसं आणि सामान मागे राहिलं. डिसेंबर १९६४ मध्ये सरहद्दीवर ताण वाढल्यावर यू-टू पुन्हा आल्या, तीन उड्डाणं उत्तम पार पडली आणि सरहद्दीचे जे जे फोटो हवे होते ते सगळे मिळाले. पण तोवर तखली हाच मुख्य तळ ठरून गेला होता. जुलै १९६७ मध्ये सीआयएने चारबाटियातला गाशा गुंडाळला.

एवढा खटाटोप करून इथून झालेली उड्डाणं बोटांवर मोजण्याइतकी. माझ्या मते चारबाटियाचं महत्त्व त्या उड्डाणांत नाहीच. ते भारताच्या हातात मागे काय राहिलं त्यात आहे. त्याबद्दल खाली एआरसीच्या उत्तरात.

अलिप्ततावादाचं काय झालं? संसदेला हे माहीत होतं का?

तळाबद्दल संसदेला सांगितलं गेलं नव्हतं. आणि लोकांना कळलं असतं तर काय झालं असतं, याचा नमुना त्याच वर्षी पाहायला मिळाला. जुलै १९६३ मध्ये सरकारने ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’बरोबर एक करार केला. बंगालमध्ये एक ताकदीचा रेडिओ प्रक्षेपक बसवायचा, तो आकाशवाणीनेही वापरायचा आणि अमेरिकेनेही. करार जाहीर होताच गदारोळ झाला. हे अलिप्ततेत बसतं का, असा सवाल पक्षातून आणि पक्षाबाहेरून आला आणि नेहरूंना तो बासनात गुंडाळावा लागला.

रेडिओच्या एका मनोऱ्यावरून देश पेटला, त्याच महिन्यांत हेर विमानांच्या तळाचं ठरलं आणि पानही हललं नाही. यावर दोन मतं ऐकू येतात. एक म्हणजे हा शुद्ध दुटप्पीपणा. दुसरं असं की अलिप्तता म्हणजे कुणाच्या गटात न जाणं, कुणाची मदत न घेणं नव्हे. मला दुसरं पटतं, पण पूर्ण नाही. मदत घेणं एक आणि तिसऱ्या देशावर हेरगिरी करायला जागा देणं वेगळं. चारबाटियाहून विमान सोव्हिएत संघाकडे वळलं असतं तर मिग विमानांचा जो करार आपण त्याच काळात मॉस्कोशी करत होतो, त्याचं काय झालं असतं?

यशवंतराव चव्हाणांचा यात काय भाग?

मेननांच्या जागी चव्हाण संरक्षणमंत्री झाले ते २१ नोव्हेंबर १९६२ ला, नेमकं शस्त्रसंधीच्या दिवशी. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे आपल्याकडे तेव्हापासून म्हटलं जातं. त्यामुळे यू-टूंना दिलेली पहिली परवानगी त्यांच्या आधीची, आणि डिसेंबरपासूनची सगळी उड्डाणं व चारबाटिया त्यांच्या कारकिर्दीतलं. पण हा सारा व्यवहार पंतप्रधान, गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख भोलानाथ मलिक आणि सीआयए या वाटेने चालला होता. संरक्षण मंत्रालयाच्या नेहमीच्या कारभाराचा तो भाग नव्हता. चव्हाणांच्या वाट्याला उघड बाजू आली: सैन्याची फेरउभारणी, नव्या डोंगरी डिव्हिजन, आणि शस्त्रांसाठी वॉशिंग्टन, मॉस्को दोन्हीकडे वाटाघाटी. मे १९६४ मध्ये ते त्याच कामासाठी अमेरिकेत असताना नेहरूंच्या निधनाची बातमी आली आणि दौरा अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं.

एआरसी म्हणजे काय?

एव्हिएशन रिसर्च सेंटर. नाव एखाद्या महाविद्यालयाच्या विभागासारखं, काम गुप्त हवाई टेहळणीचं. १९६३ मध्ये गुप्तवार्ता विभागाच्या अखत्यारीत ते सुरू झालं. पहिले प्रमुख रामेश्वरनाथ काव, तेच पुढे ‘रॉ’चे संस्थापक. १९६८ मध्ये ‘रॉ’ स्थापन झाल्यावर एआरसी तिकडे गेलं. सुरुवातीची विमानं अमेरिकेकडून आली. त्यांत सी-४६ मालवाहू विमानं होती आणि हेलिओ कुरिअर नावाची छोटी विमानंही, जी अगदी आखूड धावपट्टीवर उतरत.

तिबेटी निर्वासितांतून नोव्हेंबर १९६२ मध्ये उभारलेल्या ‘स्पेशल फ्रंटियर फोर्स’ला नेणं-आणणं, त्यांच्याकडून हवाई छत्रीच्या उड्या करून घेणं, हेही एआरसीचं काम. चारबाटिया हा या संस्थेचा मुख्य तळ झाला. अमेरिकन गेले, पण धावपट्टी, फोटो वाचण्याचं तंत्र आणि शिकलेली माणसं इथेच राहिली. उसन्या फोटोपेक्षा फोटो काढायची विद्या पदरात पडली, हा माझ्या लेखी या व्यवहारातला भारताचा खरा नफा.

पाकिस्तानही असंच काही करत होता ना?

त्याने आपल्या आधी सुरुवात केली. १९५७ मध्ये लाहोरहून यू-टू उडाल्या होत्या. पेशावरजवळ बडाबेर इथे अमेरिकेचं संकेत ऐकण्याचं मोठं केंद्र होतं. अमेरिकी वैमानिक गॅरी पॉवर्सचं जे यू-टू १ मे १९६० ला सोव्हिएत संघाने पाडलं, तेही पेशावरहूनच निघालं होतं. त्यानंतर सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हनी पाकिस्तानला उघड धमकी दिली. १९६२ मध्ये अमेरिका भारताला शस्त्रं देऊ लागल्यावर अयुब खानांचा तिळपापड झाला तो उगीच नाही. जागा द्यायची आपण आणि माल मिळायचा शेजाऱ्याला, अशी त्यांची तक्रार. बडाबेरचा करार पुढे पाकिस्तानने वाढवला नाही.

जाता जाता: मराठे १७५८ मध्ये अटक ओलांडून पेशावरला पोचले आणि पूर्वेला कटक नागपूरकर भोसल्यांकडे होतं. साठच्या दशकात अमेरिकेच्या एकाच हेर विमानाला पेशावरची धावपट्टीही मिळाली आणि कटकजवळचीही. ‘अटक ते कटक’ असा पल्ला मारणारं ते बहुधा एकमेव विमान.

नंदादेवीवरचं अणुयंत्र याच मालिकेतलं का?

त्याच मैत्रीतलं, पण हवाई टेहळणी नव्हे. १६ ऑक्टोबर १९६४ ला चीनने लोप नोरला अणुचाचणी केली. चीनच्या क्षेपणास्त्र चाचण्यांचे संकेत टिपण्यासाठी नंदादेवीच्या शिखरावर प्लुटोनियमवर चालणारं यंत्र बसवायचं, असं सीआयए आणि आपल्या गुप्तवार्ता विभागाने ठरवलं. १९६५ मध्ये कॅप्टन मनमोहनसिंग कोहली यांच्या नेतृत्वाखालचं पथक हवामान बिघडल्याने सामान वरच्या छावणीत बांधून खाली आलं. पुढच्या वर्षी जाऊन बघतात तर ते गायब. एप्रिल १९७८ मध्ये मोरारजी देसाईंनी संसदेत याची कबुली दिली. ते यंत्र अजून सापडलेलं नाही.

तेव्हा उपग्रह नव्हते का?

होते. अमेरिकेचा ‘कोरोना’ उपग्रह १९६० पासून फोटो काढत होता. पण फिल्म भरली की तिची कुपी अवकाशातून खाली सोडायची, विमानाने ती हवेतच झेलायची, मग धुवायची, मग वाचायची. घाईच्या वेळी हे जमत नसे आणि सुरुवातीच्या फोटोंत बारीक तपशीलही नव्हता. विमान हवं तेव्हा हव्या तिथे पाठवता येतं. उपग्रहाला एक सोय मात्र आहे. १९४४ च्या शिकागो करारानुसार देशाच्या भूमीवरची हवाई हद्द त्या देशाची, परवानगीविना लष्करी विमान आत नेणं हे उल्लंघन. अवकाशाला ही मालकी लागू होत नाही.

माहिती ‘वाटून घेतात’ म्हणजे नेमकं काय देतात?

फार क्वचित मूळ फोटो. फोटो कितपत स्पष्ट आहे यावरून कॅमेऱ्याची ताकद उघड होते, म्हणून बहुतेक वेळा दिला जातो तो निष्कर्ष: अमुक खिंडीत तमुक तोफा. किंवा फोटो दाखवतात, हातात देत नाहीत. शिवाय दिलेली माहिती देणाऱ्याला विचारल्याशिवाय तिसऱ्या देशाला द्यायची नाही, हा सर्वत्र पाळला जाणारा दंडक आहे. नेहरूंनी संसदेत स्रोत सांगितला नाही यामागे राजकारण होतंच, पण हा दंडकही होता.

आणि देणारा काय देत नाही, हे घेणाऱ्याला कधीच कळत नाही. म्हणून स्वतःची निदान एक खिडकी असावी लागते, मग ती धुरकट का असेना.

ही देवाणघेवाण कायम टिकली का?

नऊ वर्षांत पारडं उलटं फिरलं. १० डिसेंबर १९७१ ला, बांगलादेशचं युद्ध ऐन भरात असताना, अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर न्यूयॉर्कमध्ये चीनचे राजदूत हुआंग हुआ यांना गुप्तपणे भेटले. चीनने भारतावर दबाव आणावा अशी त्यांची इच्छा होती. चीनला रशियाची धास्ती वाटू नये म्हणून सोव्हिएत सैन्य कुठे कुठे तैनात आहे याची अमेरिकेकडची माहिती त्यांनी देऊ केली. ज्या चीनचे फोटो काढून भारताला दाखवले, त्याच चीनला आता भारताविरुद्ध उभं करण्यासाठी गुप्त माहितीचं आमिष. चीन हलला नाही, तो भाग वेगळा. हे कागद अमेरिकेनेच नंतर प्रसिद्ध केले आहेत.

कारगिलच्या वेळी काय परिस्थिती होती?

पुन्हा कॅनबेराच. २१ मे १९९९ ला १०६ स्क्वाड्रनचं एक कॅनबेरा बटालिक भागाचे फोटो काढत असताना त्याच्या इंजिनावर क्षेपणास्त्र लागलं. वैमानिकांनी उरलेल्या एका इंजिनावर ते श्रीनगरला सुखरूप उतरवलं. घुसखोर किती आहेत आणि त्यांच्याकडे काय काय आहे, याचा अंदाज बदलायला त्या तडाख्याने हातभार लावला. पन्नासच्या दशकात घेतलेलं विमान शतकाच्या अखेरीसही आघाडीवर होतं, याचं कौतुक करायचं की लाज वाटून घ्यायची, हे ज्याचं त्याने ठरवावं. कॅनबेरा २००७ मध्ये निवृत्त झाली. त्याआधी वर्षभर, २००६ मध्ये, मिग-२५ ही आपली सर्वांत उंच उडणारी टेहळणी विमानंही गेली.

आज अमेरिकेबरोबर असं काही चालू आहे का?

आता बरंचसं लेखी आहे. लडाखमध्ये सैन्य समोरासमोर असताना २७ ऑक्टोबर २०२० ला दिल्लीत ‘बेका’ करारावर सह्या झाल्या. नकाशे, भूस्थानिक माहिती आणि उपग्रहांतून मिळालेला तपशील यांची देवाणघेवाण त्यात येते. त्याच वर्षी नौदलाने दोन सी गार्डियन ड्रोन भाड्याने घेतले. डिसेंबर २०२२ मधल्या तवांगजवळच्या यांगत्सेच्या झटापटीआधी अमेरिकेने चिनी हालचालींची माहिती वेळेत दिली, अशी बातमी मार्च २०२३ मध्ये एका अमेरिकी प्रकाशनाने दिली होती. व्हाइट हाउसने दुजोरा दिला नाही.

हे जुने फोटो आपल्याला बघता येतात का?

कोरोना उपग्रहाचे फोटो १९९५ मध्ये खुले झाले. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर ते शोधता येतात, स्कॅन झालेले विनामूल्य उतरवूनही घेता येतात. भारतातल्या कित्येक गावांचे साठच्या दशकातले फोटो त्यांत आहेत. धरण होण्याआधीचं नदीचं पात्र शोधणाऱ्यांना तर ही खाणच आहे. यू-टूच्या खुल्या झालेल्या फिल्म मात्र वॉशिंग्टनजवळच्या राष्ट्रीय अभिलेखागारात रिळांच्या रूपात आहेत. संशोधक तिथे जाऊन, प्रकाशमय टेबलावर रीळ पसरून, एकेक चौकट आपल्या कॅमेऱ्याने टिपतात. आपल्या बाजूचे कागद अजून बंद आहेत. बासष्टच्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवालसुद्धा सरकारने आजवर अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही.